व्हीआर घातलं की मळमळतं, काय उपाय करता?

भोवरा: मंडळी, जरा मदत हवीये. घरात नवीन व्हीआर हेडसेट आलाय, डोळ्यांवर चढवून आभासी जगात खेळायचा. बीट सेबर (तालावर ठोकळे कापायचा गेम) कितीही वेळ खेळलो तरी काही होत नाही, घाम येतो तेवढाच. पण ज्या गेममध्ये हातातल्या कंट्रोलरची स्टिक पुढे ढकलून चालायचं असतं तिथे थोड्याच वेळात तोंडाला पाणी सुटतं, कपाळावर गार घाम, आणि हेडसेट काढला तरी पुढे बराच वेळ खोली डोलतेय असं वाटत राहतं. मला लहानपणापासून गाडी लागते, तर आता हे असंच चालायचं का सेटिंगमध्ये काही करता येतं? गोळी घेऊन खेळणारं कोणी आहे का इथे?

कानामात्रा: अर्धं उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. बीट सेबरमध्ये तुम्ही जागेवर उभे, डोकं जेवढं हललं तेवढंच दृश्य हलतं, मेंदूची काही तक्रार नाही. स्टिकने चाललात की डोळे सांगतात आपण निघालो आणि आतला कान सांगतो की बूड खुर्चीतच आहे, या दोघांच्या भांडणात पोटाचा बळी जातो. गाडीत मोबाईल बघताना हेच उलटं होतं. आतल्या कानाचा तोल सांभाळणारा भाग दोन्ही बाजूंनी पूर्ण निकामी असलेल्या लोकांना गाडी लागतच नाही, यावरून काय ते समजा.
तर पहिलं काम, गेमच्या कम्फर्ट सेटिंगमध्ये जा. चालण्यासाठी टेलिपोर्ट (न चालता थेट पुढच्या जागी उडी), वळण्यासाठी स्नॅप टर्न (सलग न फिरता एका झटक्यात वळणं). वळणं हे चालण्यापेक्षा वाईट, स्मूथ टर्न आधी बंद करा, ३० किंवा ४५ अंशांचा झटका ठेवा. दिसायला भिकार दिसतं मान्य आहे पण सरकतं दृश्यच दिसत नाही त्यामुळे भांडणच होत नाही. शक्य असेल तर स्टिकने वळूच नका, उभं राहून स्वतःच वळा. मग व्हिग्नेट चालू करा, म्हणजे चालताना कडा काळ्या होतात आणि मधलंच दिसतं. आपण हलतोय हा भास मुख्यतः नजरेच्या कडेला जे सरकतं त्यातून होतो, तेच झाकायचं. कोलंबिया विद्यापीठात २०१६ साली हे करून पाहिलं होतं, कडा इतक्या हळू बंद केल्या की बऱ्याच जणांना झाकल्याचं कळलंही नाही आणि त्रास कमी झाला.

रेटून_बोल: एवढं काही नसतं हो, सुरुवातीला सगळ्यांनाच होतं. दात दाबून खेळत राहायचं, आठवड्याभरात सवय होते.

कानामात्रा: @रेटून_बोल सवय होते हे खरं, पण दात दाबून नाही. मळमळ होत असताना रेटलं तर बऱ्याच जणांचं उलटं होतं, नुसता हेडसेट हातात घेतला तरी पोटात ढवळायला लागतं. जांभया, तोंडाला पाणी, अंग गरम वाटणं, यातलं पहिलं काही जाणवलं की तिथेच थांबायचं, "एवढी लेव्हल संपवतो" नाही. पूर्ण बरं वाटल्यावर, खरं तर दुसऱ्या दिवशीच, परत थोडा वेळ. आणि खेळून लगेच गाडी चालवायला बसू नका कोणी.

भिंगवाला: कोणी आयपीडी कसं काढलं नाही अजून! म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर. मोठ्या माणसांत सरासरी ६३ मिमीच्या आसपास असतं पण माणसागणिक बराच फरक पडतो आणि भिंगं त्या अंतराला लावलेली नसली की डोळ्यांवर ताण, डोकं जड, वर मळमळ. आरशासमोर उभे राहा, पट्टी भुवयांवर आडवी धरा, उजवा डोळा मिटून शून्य डाव्या बाहुलीच्या मधोमध आणा, मग पट्टी न हलवता डावा मिटून उजव्या बाहुलीवरचा आकडा वाचा. चष्मा बनवणाऱ्याकडेही मोजून मिळतं. क्वेस्ट २ या हेडसेटमध्ये फक्त तीन खाचा आहेत ५८, ६३, ६८ अशा, तर जवळची निवडायची, काही हेडसेटना चाक असतं त्यांना अचूक लावता येतं. घरात एकच हेडसेट चौघं वापरत असाल तर दर वेळी बघा, कोणीतरी फिरवून ठेवलेलं असतंच.

फ्रेमचोर: पीसीवरून चालवत असाल तर ग्राफिक्सचा मोह सोडा. ९० हर्ट्झला (सेकंदाला ९० चित्रं) गेम अडखळत असेल तर सावल्या, रिझोल्यूशन सगळं खाली आणा पण फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या, धरून ठेवा. डोकं वळवल्यापासून चित्र बदलेपर्यंत २० मिलिसेकंदांच्या आत काम झालं पाहिजे, त्यापुढे गेलं की दृश्य डोक्यामागून फरफटत येतंय असं वाटतं. वायफायवरून स्ट्रीम करून खेळत असाल तर आधी तिथेच शंका घ्या, एकदा केबलने खेळून बघा. आणि ३६० अंशांचे व्हिडिओ, त्यात तुम्ही पुढे झुकलात तरी दृश्य तुमच्याबरोबरच सरकतं, त्यातून कॅमेरा चालता असेल तर विचारूच नका. कॅमेरा एका जागी ठेवलेलेच बघा.

शांत_स्क्रीन: थोडं अवांतर, मला व्हीआर सोडा साध्या मॉनिटरवरच्या फर्स्ट पर्सन (पात्राच्या डोळ्यांतून दिसणाऱ्या) गेमनेही गरगरतं. माझ्यासारखे असतील त्यांनी हेड बॉब (चालताना दृश्य वरखाली होणं), मोशन ब्लर (हलताना चित्र धूसर होणं), कॅमेरा शेक (दृश्य थरथरणं) हे तिन्ही बंद करा, एफओव्ही, म्हणजे दृश्याचा दिसणारा कोन, ६० अंश असेल तर ९० च्या आसपास न्या, स्क्रीनपासून लांब बसा आणि खोलीतला दिवा चालू ठेवा म्हणजे कडेला भिंत, टेबल असं काहीतरी स्थिर दिसत राहतं. फोनवर अ‍ॅप उघडताना होणारी झूम सहन होत नसेल तर आयफोनच्या अ‍ॅक्सेसिबिलिटीत रिड्यूस मोशन आहे, अँड्रॉइडलाही अ‍ॅनिमेशन बंद करता येतात. आयओएस १८ पासून गाडीत बसून फोन बघणाऱ्यांसाठी स्क्रीनच्या कडेला ठिपके येतात, गाडी वळेल तसे सरकतात. ऑफिसच्या मीटिंगमध्ये कोणी भसाभसा स्क्रोल करत स्क्रीन शेअर करत असेल त्यावर मात्र इलाज सापडलेला नाही, मी सरळ दुसरीकडे बघते.

भोवरा: जबरदस्त माहिती, सगळ्यांचे आभार! स्नॅप टर्न आणि व्हिग्नेट लावलं, फरक आहे. आयपीडी पण चुकीचंच निघालं, माझं ५९ आणि हेडसेट ६८ वर! गोळीचं कोणी बोललं नाही पण. आणि टेलिपोर्ट नसलेल्या गेमचं काय करायचं?

कानामात्रा: गाडी लागण्याच्या गोळ्यांनी बऱ्याच जणांना झोप येते, खेळण्यासाठी घ्यायच्या असतील तर डॉक्टरांना विचारूनच, त्यातून मायग्रेन किंवा चक्करचा त्रास असेल तर आधी तेच दाखवा. आल्याचा तुकडा चघळून काहींना बरं वाटतं, नुकसान नाही. त्यापेक्षा समोर टेबल फॅन लावा, चेहऱ्यावर वारा आला की बरं वाटतं आणि आपलं तोंड खोलीत कुठल्या दिशेला आहे तेही कळत राहतं.
टेलिपोर्ट नसेल तर कॉकपिटवाले गेम त्यातल्या त्यात बरे, डोळ्यांसमोर डॅशबोर्ड स्थिर असतो. पर्ड्यू विद्यापीठातल्या लोकांनी २०१५ मध्ये यावरून स्क्रीनवर चक्क नाक काढून बघितलं होतं, खेळणाऱ्यांच्या ते लक्षातही आलं नाही म्हणे पण ते जास्त वेळ टिकले. जिने आणि उड्या असलेले गेम शेवटी ठेवा. रोलर कोस्टर तर नकोच, पाहुण्यांना पहिल्यांदा तेच दाखवायची खोड लोकांना का असते कोण जाणे.

रेटून_बोल: रोलर कोस्टर मीच दाखवतो सगळ्यांना 😅