घरातल्या सशांना पिसवांचे आणि खरजेचे औषध दर महिन्याला द्यावे का?

प्रश्न (पुणे)

आमच्या घरी दोन ससे आहेत, दोघेही साधारण दीड वर्षाचे. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर असल्यामुळे त्यांचा मातीशी संबंध येत नाही. दिवसभर ते हॉलमध्ये मोकळे फिरतात आणि रात्री जुन्या सुती चादरीवर झोपतात. मात्र घरात एक गावठी कुत्राही आहे. तो सकाळ-संध्याकाळ बाहेर जातो आणि त्याच्या मानेवर गोचिडांसाठी दर महिन्याला ड्रॉप्स टाकावे लागतात. परवा सशांसाठी सुके गवत आणायला गेले असता दुकानदाराने सुचवले की, कुत्र्याच्या ड्रॉप्सपैकी थोडे थोडे दोन्ही सशांच्या मानेवर टाकत जा, म्हणजे पिसवांची आणि खरजेची काळजी मिटेल. इंग्रजी संकेतस्थळांवरही सशांना नियमित प्रतिबंधक औषध द्यावे असे काही ठिकाणी वाचले. सध्या दोघेही नीट खात आहेत. फक्त मोठ्या सशाच्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, महिनाभरापासून कोंडा दिसतो आहे. त्याला खाज येत असावी असे वाटत नाही. असे औषध खरोखर दर महिन्याला लागते का, आणि कुत्र्याचे औषध सशांना चालते का?

उत्तर (पशुवैद्य, सांगली)

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते जास्त तातडीचे आहे. कुत्र्याचे ड्रॉप्स सशाला मुळीच लावू नयेत. पाकिटावरचा घटक वाचून पाहा. तिथे फिप्रोनिल लिहिलेले असेल तर ते सशांसाठी विषारी आहे. त्याने ससा मलूल होतो, खाणे सोडतो, त्याला झटके येतात आणि तो दगावूही शकतो. मात्रा कमी केल्याने हा धोका टळत नाही. कुत्र्यांच्या काही ड्रॉप्समध्ये परमेथ्रिन तीव्र प्रमाणात असते, तेही सशाला लावू नये. शिवाय तुमचे ससे कुत्र्याला चाटत असतील, तर ड्रॉप्स त्याच्या मानेवर टाकले तरी ते सशांच्या पोटात जाऊ शकतात. माझे मत विचाराल तर कुत्र्याचे ड्रॉप्स बंद करून त्याला गोचिडांची तोंडावाटे द्यायची गोळी सुरू करण्याविषयी त्याच्या डॉक्टरांशी बोलावे.

आता पहिला प्रश्न. घरातच राहणाऱ्या निरोगी सशाला महिन्याच्या महिन्याला औषध देण्याचे कारण मला दिसत नाही. त्याऐवजी आठवड्यातून एकदा त्याला नीट तपासावे. बारीक दातांच्या फणीने पाठ आणि शेपटीजवळचा भाग विंचरून जे पडेल ते ओल्या पांढऱ्या कापसावर घ्यावे. काळ्या कणांभोवती तांबूस-तपकिरी डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा समजावी, कारण तिच्यात पचलेले रक्त असते. सशांवर बहुधा मांजरांची पिसूच सापडते आणि ती कुत्र्यामार्फत घरात येऊ शकते. अशा वेळी फक्त सशाला औषध देऊन भागत नाही. पिसूची अंडी अंगावरून गळून सतरंजीत आणि फरशीच्या फटींत पडतात, तिथे कोषातली पिसू कित्येक आठवडे दबा धरून बसू शकते, म्हणून सगळ्या प्राण्यांवर एकाच वेळी उपचार करून अंथरुणे गरम पाण्यात धुवावी लागतात.

तुम्ही सांगता तो कोंडा मात्र मला स्वस्थ बसू देत नाही. खांद्यांच्या मधोमध कोंडा आणि खाज जवळपास नाही, असे दिसले की आम्हाला पहिला संशय चेलेटिएला नावाच्या माइटचा, म्हणजे कातडीवर जगणाऱ्या अगदी बारीक किड्याचा, येतो. विंचरून पडलेला कोंडा काळ्या कागदावर घ्या आणि उजेडात थोडा वेळ टक लावून पाहा. त्यातले काही कण सरकताना दिसू शकतात. दवाखान्यात आम्ही पारदर्शक चिकटपट्टी केसांवर दाबून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. बऱ्याच सशांवर हे माइट थोड्या संख्येने असतात आणि त्रास देत नाहीत. ससा लठ्ठ झाला, सांधे दुखू लागले किंवा दाढा वाढल्या की त्याला स्वतःचे अंग नीट चाटून साफ करता येत नाही, आणि मग ते वाढतात. त्यामुळे डॉक्टरांकडे न्याल तेव्हा वजन आणि दातही तपासून घ्या.

उपचारासाठी आयव्हरमेक्टिन किंवा सेलामेक्टिन वापरतात, पण मात्रा घरी ठरवू नये. गुरांसाठी मिळणारे आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन एक टक्क्याचे असते, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 10 मिलिग्रॅम. दीड किलोच्या सशाला त्यातले 0.03 ते 0.06 मिलिलिटर पुरते. साध्या सिरिंजने मोजताना हात किंचित चुकला तरी मात्रा कितीतरी पटींनी वाढते.

उत्तर (कोल्हापूर)

वरील मताशी सहमत आहे, तरी माझी एक चूक इथे नोंदवून ठेवतो. आठवडी बाजारातून आणलेला ससा सारखे डोके झटकत होता. कानात पाहिले तर आत तपकिरी खपल्यांचे थर साचले होते, अगदी चिरोट्याच्या पापुद्र्यांसारखे. मी ते कापसाच्या बोळ्याने ओढून काढायला गेलो, तेव्हा ससा कळवळला आणि आतून रक्त आले. डॉक्टरांनी नंतर सांगितले की, ही कानातली खरूज आहे, खपल्यांना हात लावायचा नाही, औषध लागू पडले की त्या आपोआप गळतात. दोन आठवड्यांच्या अंतराने दोन इंजेक्शने झाली आणि कान आतून गुलाबी दिसू लागला. नवा ससा आणल्यावर त्याला जुन्यांपासून निदान महिनाभर वेगळे ठेवावे, हे मी तेव्हापासून पाळतो. आणि कृपया कुणी सशाला कुत्र्याच्या शांपूने आंघोळ घालू नये. ओला ससा गारठतो, भेदरतो, आणि त्या भीतीनेच त्याचे खाणे बंद पडू शकते.

उत्तर (लेस्टर, इंग्लंड)

इंग्रजी संकेतस्थळांवरचा सल्ला तिकडे जसाच्या तसा का लागू पडत नाही, एवढेच सांगते. इथे अंगणात पिंजरा ठेवण्याची पद्धत आहे, कुंपणापलीकडे रानटी ससे असतात, आणि मिक्सोमॅटोसिस हा जीवघेणा रोग सशांच्या पिसवा आणि डास पसरवतात. त्यामुळे इथे या रोगाची लस देतात आणि पिसवांसाठी इमिडाक्लोप्रिडचे सशांसाठीच मान्यता असलेले ड्रॉप्स मिळतात. पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावर यातले काहीच नाही.

उत्तर (पशुवैद्य, सांगली)

लेस्टरच्या मुद्द्यामुळे एक गोष्ट आठवली. आपल्याकडे पावसाळ्यात पिसवांपेक्षा माशांची धास्ती जास्त बाळगावी. सशाचा मागचा भाग लेंडीने किंवा लघवीने बरबटलेला असेल तर माशी तिथे अंडी घालते आणि एका दिवसात अळ्या पडू शकतात. म्हणून जून ते सप्टेंबर रोज सशाला उचलून शेपटीखाली पाहावे. अळ्या दिसल्या तर सकाळची वाट न पाहता त्याच वेळी दवाखाना गाठावा.

प्रश्नकर्तीचे उत्तर (पुणे)

सर्वांचे आभार. काळ्या कागदावरचा कोंडा आम्ही दिव्याखाली पाहिला. पाच मिनिटे काहीच हलले नाही, आणि मग एक कण चक्क कागदाच्या कडेकडे चालू लागला. दवाखान्यात चिकटपट्टीवर माइट सापडले. सशाचे वजनही जास्त भरले, कारण मुलगा त्याला रोज अर्धे केळे भरवत होता. दोन्ही सशांवर आणि कुत्र्यावर उपचार सुरू झाले आहेत, चादरी बदलल्या आहेत, आणि कुत्र्याला आता गोळी मिळते. माझ्या हातावर बारीक लाल पुळ्या आल्या होत्या, त्या मी उन्हाळ्यावर ढकलल्या होत्या. डॉक्टर म्हणाले की त्याही याच माइटमुळे असाव्यात आणि ससे बरे झाले की जातील. पुढची मात्रा दोन आठवड्यांनी आहे. दर महिन्याचे औषध त्यांनी लिहून दिलेले नाही.