दुसऱ्याने खेळलेला गेम आणि तोही टीव्हीवर? कोण बघतं?

तिरपी_रेघ

गेम खेळायला मजा येते हे मान्य. दुसरा खेळत असताना मागे उभं राहून "अरे डावीकडे बघ, डावीकडे" करून ओरडायला तर जास्तच येते. पण तोच प्रकार कोट घातलेले एक्स्पर्ट, धूर सोडणारं स्टेज आणि मधेमधे जाहिराती लावून टीव्हीवर दाखवला की माझा हात आपोआप रिमोटकडे जातो. आणि हे माझं एकट्याचं रडगाणं नाही, अमेरिकेत हे करून झालंय. डायरेक्टीव्ही या सॅटेलाइट टीव्ही कंपनीने २००७ ला चॅम्पियनशिप गेमिंग सिरीज ही गेमची लीग काढली, शहरांच्या नावाने टीम, खेळाडूंना पगार, सगळा थाट, आणि २००८ संपायच्या आत गाशा गुंडाळला. २०१८ ला ईएसपीएनने ओव्हरवॉच या टीमने खेळायच्या गोळीबाराच्या गेमच्या लीगची फायनल प्राइम टाइमला लावली, केवढा गाजावाजा, २०२३ ला ती लीगच बंद. उलट ट्विच, म्हणजे लोक गेम खेळताना लाइव्ह दाखवणारी वेबसाइट, २०११ ला सुरू झालं आणि २०१४ मध्ये ॲमेझॉनने ते ९७ कोटी डॉलर मोजून घेतलं. म्हणजे बघणारे ढिगाने आहेत, फक्त त्यांना टीव्ही नकोय. त्यांना खेळणाऱ्याशी बोलायचं असतं, कंटाळा आला की दुसऱ्याकडे जायचं असतं. टीव्हीवर यातलं काय होतं सांगा.

खिडकीतला_बोका

अमेरिकेवर येऊन थांबलास होय. कोरियाचं नाव पण नाही? ऑनगेमनेट हे अख्खं चॅनल २००० साली सुरू झालं, चोवीस तास गेम, त्यात मुख्य स्टारक्राफ्ट, फौजा उभ्या करून लढायचा गेम. नंतर तसंच दुसरं चॅनल एमबीसीगेम आलं. २००४ ला बुसानच्या ग्वांगल्ली बीचवर लीगची फायनल झाली तर लाखभर लोक जमले होते म्हणतात, आकडा थोडा फुगवलेला असेल असं धर, तरी वाळूवर बसून कोणी फ्लॉप कार्यक्रम बघत नाही.

आणि ते चाललं कारण स्टारक्राफ्ट बघायला खेळण्याइतकाच, कधीकधी जास्त भारी आहे. खेळणाऱ्याला फक्त स्वतःचे सैनिक आणि त्यांच्या आजूबाजूचं दिसतं, बाकी नकाशा अंधारात. आपल्याला मात्र दोन्ही बाजू दिसतात. एकाने डोंगरामागे गुपचूप फौज उभी केलीय, दुसरा बिचारा निवांत कारखाने बांधतोय, त्याचा एक टेहळणीवाला फिरत फिरत त्या डोंगराच्या अगदी कडेपर्यंत जातो आणि तिथून मागे वळतो. कॉमेंट्रीवाले तिघं किंचाळतायत, खेळाडू काचेच्या साउंडप्रूफ खोलीत, त्यांना ऐकू येत नाही. नाटकात नायकाला माहीत नसतं की विंगेत कोण उभंय पण आपल्याला माहीत असतं, तेच हे. फुटबॉलमध्ये ही सोय नाही बरं का, तिथे बावीसच्या बावीस जणांना सगळं दिसतं.

तिरपी_रेघ

चाललं ना, कबूल. मग एमबीसीगेम २०१२ ला म्युझिक चॅनल का झालं? २०१० ला मॅच फिक्सिंग निघालं, सावियोर नावाने खेळणाऱ्या मोठ्या स्टारला कायमचं बॅन केलं. त्यातच स्टारक्राफ्ट बनवणाऱ्या ब्लिझार्ड कंपनीने चॅनलवाल्यांना कोर्टात खेचलं की गेम आमचा, तुम्ही कोणाला विचारून दाखवता, ते २०११ ला कसंबसं मिटलं. हा मुद्दा कोणी बोलतच नाही. फुटबॉल कोणाच्या मालकीचा नाही. गेम कंपनीचा असतो. उद्या कंपनीने नवीन भाग काढला, जुन्यावरचं लक्ष काढून घेतलं की तुझं दहा वर्षांत तयार झालेलं प्रेक्षकवर्ग-बिक्षकवर्ग सगळं हवेत. असल्या गोष्टीवर चॅनल उभं करायचं म्हणजे भाड्याच्या जागेवर बंगला.

अर्धीकच्ची

मालकी वगैरे ठीक आहे पण धाग्याचा प्रश्न बघायला मजा येते का हा आहे 🙄 कोर्टाची केस बघून कोणी टीव्ही बंद करत नाही.

माझ्यासारखीला, जी स्वतः खेळत नाही, तिला यातलं ९० टक्के कळत नाही. ओव्हरवॉच बघायचा प्रामाणिक प्रयत्न केलेला. निळं काहीतरी फुटतं, लाल काहीतरी फुटतं, एक गोरिला उडी मारतो, कॉमेंटेटर बेभान, आणि मला कोण जिंकतंय तेही समजेना. कॅमेरा एकाच्या डोळ्यातून दुसऱ्याच्या डोळ्यात सारखा उड्या मारतो, डोकं गरगरतं. टेनिस कधीच न बघितलेल्या माणसालाही दोन मिनिटांत कळतं की बॉल जाळीत गेला म्हणजे वाईट.

जुनी_कॅसेट

@अर्धीकच्ची मग फायटिंग गेम बघ. दोन माणसं, स्क्रीनवर दोघांच्या जीवाच्या दोन पट्ट्या, पट्टी संपली की मेला. यापेक्षा सोपं काय असणार.

इव्हो या फायटिंग गेमच्या स्पर्धेतला २००४ चा डायगो उमेहारा आणि जस्टिन वाँगचा तो स्ट्रीट फायटर थ्री थर्ड स्ट्राइकचा राउंड शोध. डायगोची पट्टी एवढीशी, नखाएवढी उरलीय. इतकी कमी की समोरच्याची स्पेशल मूव्ह अडवली तरी अडवताना जो थोडा मार बसतो त्यानेच तो मरणार. म्हणजे ब्लॉक करून उपयोग नाही. एकच मार्ग, पॅरी, म्हणजे फटका लागायच्या नेमक्या क्षणाला स्टिक मागे नाही, पुढे ढकलायची, मार येतोय त्याच दिशेला. चुकली की खेळ खलास. वाँगचं पात्र चुन-ली लाथांची सुपर मूव्ह सोडते आणि हा १५ च्या १५ पॅरी करतो, शेवटची तर हवेत, आणि उतरता उतरता तिला झोपवतो. मागचे लोक चौथ्या-पाचव्या लाथेपासूनच उठून ओरडायला लागलेत, ते ऐकूनच कळतं काहीतरी अचाट चाललंय. (पुढे फायनल डायगो हरला, ते कोणाच्या लक्षात पण नाही.) २०१६ ला ईएसपीएन२ ने इव्होची स्ट्रीट फायटर फायनल दाखवली ती काय उगाच?

तिरपी_रेघ

पण तो क्लिप आहे रे. मिनिटभराचा. मिनिटभरासाठी बाकीचा दिवसभर कोण बसणार? ती स्पर्धा सकाळपासून चालते, त्यातले बहुतेक राउंड असेतसेच.

खिडकीतला_बोका

कसोटी क्रिकेट पाच दिवस चालतं आणि तू क्लिपबद्दल तक्रार करतोयस 😂

रात्रपाळी

तुम्ही सगळे स्पर्धेलाच धरून बसलायत, टीव्हीला जमतं ते वेगळंच आहे. जपानमध्ये २००३ पासून गेमसेंटर सीएक्स नावाचा कार्यक्रम आहे. शिन्या आरिनो नावाचा कॉमेडियन, कंपनीच्या ऑफिसातला ड्रेस घालून जुने अवघड गेम खेळायला बसतो. आणि तो खेळण्यात बेताचाच आहे, हीच तर गंमत. एकाच खड्ड्यात पुन्हा पुन्हा पडतो, कपाळावर ती कूलिंगची पट्टी चिकटवतो, फारच अडला की एखादा असिस्टंट डायरेक्टर येऊन मदत करतो, बाहेर अंधार पडतो. मग ते तासन् तासांचं शूटिंग कापून तासाभराचा भाग होतो. कितव्यांदा मेला, कुठे युक्ती सुचली, कुठे हार मानायच्या बेतात होता, बरोब्बर तेवढंच ठेवतात. स्ट्रीमवर त्याच खड्ड्यातल्या पडण्याचे तीन तास सलग बघावे लागले असते आणि मी तरी झोपलो असतो. एडिटिंग ही टीव्हीची ताकद आहे, लाइव्ह नाही. न खेळणाऱ्या माणसालाही ते कळतं कारण तिथे बघायचं असतं ते आरिनोचं तोंड, गेम नंतर.

अर्धीकच्ची

हे मी बघेन.

जुनी_कॅसेट

म्हणजे चांगला खेळणाऱ्याला टीव्हीवर जागा नाही, पडणाऱ्याला आहे? काय न्याय आहे. आणि लाइव्ह चालत नाही हे पण खोटं. २०२० च्या मार्चमध्ये खऱ्या शर्यती बंद पडल्या तेव्हा नॅस्कार या अमेरिकन कार शर्यतीचे खरे ड्रायव्हर घरी सिम्युलेटरवर आयरेसिंग हा शर्यतीचा गेम खेळत होते आणि फॉक्स चॅनल ते लाइव्ह दाखवत होतं. टेक्सासच्या शर्यतीला १३ लाखांवर लोक होते.

तिरपी_रेघ

आणि मे महिन्यात खऱ्या गाड्या ट्रॅकवर आल्या की नॅस्कारवाले लगेच तिकडे पळाले. लोक गेम बघतच नव्हते, ओळखीचे ड्रायव्हर बघत होते, नावं माहीत, गाड्यांचे नंबर माहीत, शिकायचं काहीच नाही. रात्रपाळी म्हणतोय ते मला पटतंय पण ते माझ्याच बाजूचं आहे, माणूस बघायचा, गेम नाही. तसा कार्यक्रम कोणी काढला तर बसतो. स्टेज, धूर आणि कोटवाल्यांसकट लाइव्ह लीग दाखवाल तर मात्र रिमोट.

खिडकीतला_बोका

डोंगरामागच्या फौजेचं काय मग? तिथे कोणाचं तोंड बघत होते लोक? त्याला उत्तर दे आधी, मग रिमोट घे.