तांब्याचा मोठा साठा सापडल्यानंतर खाण उभी राहायला इतकी वर्षे का लागतात? ओयु तोलगोईच्या निमित्ताने काही शंका

वर्धाखोरे (मूळ प्रश्न)

चंद्रपूर जिल्ह्यातील थानेवासना आणि दुबारपेठ परिसरात तांब्याचे खनिज असल्याच्या बातम्या आमच्याकडे अधूनमधून येतात, आणि प्रत्येक बातमीनंतर आता दोन-चार वर्षांत खाण सुरू होणार अशी चर्चा गावोगावी रंगते. ही अपेक्षा कितपत रास्त आहे हे समजून घ्यावे म्हणून मी परदेशातील एका मोठ्या प्रकल्पाचा इतिहास वाचायला घेतला. मंगोलियाच्या दक्षिण गोबीमध्ये, चीनच्या सीमेपासून सुमारे 80 किलोमीटरवर असलेली ओयु तोलगोईची खाण तांबे आणि सोने ह्यांच्या जगातील सर्वांत मोठ्या प्रकल्पांत गणली जाते. तेथे बीएचपी कंपनीचे भूवैज्ञानिक 1996 मध्ये पोहोचले, खुल्या खाणीतून माल बाहेर पडायला 2013 साल उजाडले आणि मुख्य भूमिगत साठ्यातील उत्पादन सुरू झाले ते थेट 2023 मध्ये.

माझ्या शंका अशा आहेत. बीएचपीसारख्या अनुभवी कंपनीने हातात आलेला इतका मोठा साठा सोडून कसा दिला? वरची खाण 2013 मध्ये चालू झाली असताना खालच्या भागाला आणखी दहा वर्षे का लागावीत? आणि मंगोलिया सरकारची 34 टक्के भागीदारी असूनही त्या देशात ह्या प्रकल्पाविषयी वर्षानुवर्षे नाराजी का राहिली? मी वाणिज्य शाखेचा असल्यामुळे भूशास्त्रातील गोष्टी थोड्या उलगडून सांगितल्यास उपकार होतील.

भूस्तर

आपल्या पहिल्या प्रश्नापुरते मी लिहितो.

ओयु तोलगोईचा साठा पॉर्फिरी प्रकारचा आहे. सुमारे 37 कोटी वर्षांपूर्वी तेथे खोलवरचा शिलारस वर सरकला, त्यातून निघालेल्या उष्ण द्रावणांनी भोवतालच्या खडकातील असंख्य बारीक भेगा भरल्या आणि त्या भेगांमध्ये गारेबरोबर तांब्याची व लोहाची सल्फाइड (गंधकयुक्त) खनिजे साचली. अशा साठ्यात तांबे एखाद्या जाड शिरेत एकवटलेले नसते, तर प्रचंड आकारमानाच्या खडकात ते विखुरलेले असते. त्याचे प्रमाण बहुधा एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असते, म्हणजे टनभर खडक फोडून, दळून जेमतेम दहा किलो तांबे मिळते. त्यामुळे ‘तांबे आहे का’ ह्या प्रश्नाला फारशी किंमत नसते. ते किती लांब, किती रुंद आणि किती खोल पसरले आहे ह्यावर सारे ठरते, आणि ते छिद्रे पाडून खडकाचे गाभे (लांब दंडगोल नमुने) बाहेर काढल्याशिवाय कळत नाही.

तेथील टेकाडांवर तांब्याचे हिरवे-निळे डाग उघड्यावर दिसत होते आणि कांस्ययुगातही लोकांनी तेथून थोडेफार तांबे काढले होते. बीएचपीने 1997 आणि 1998 मध्ये तेथे 23 छिद्रे घेतली. तांबे मिळाले, पण अब्जावधी डॉलर ओतावेत इतका भरवसा त्यातून निर्माण झाला नाही. त्याच सुमारास तांब्याचे भाव कोसळले, कंपनीने शोधकार्यावरील खर्च आखडता घेतला आणि हा टापू इतरांना देऊ केला. खाण उद्योजक रॉबर्ट फ्रीडलँड ह्यांच्या आयव्हॅन्हो माइन्स कंपनीने तो 2000 मध्ये घेतला. ह्या नव्या मंडळींनाही सुरुवातीला खोलवरचे काही नको होते. पावसाच्या पाण्याने वरच्या खडकातले तांबे विरघळून थोडे खाली पुन्हा साचते आणि त्याचा जो समृद्ध थर तयार होतो, त्यातून आम्लाच्या साह्याने स्वस्तात तांबे काढता येते. त्यांची नजर त्या थरावर होती. त्यासाठी त्यांनी शंभराहून अधिक उथळ छिद्रे घेतली.

कलाटणी मिळाली ती 2001 मध्ये, जेव्हा काही छिद्रे मुद्दाम खोल नेण्यात आली. 150 क्रमांकाच्या छिद्रात सलग 508 मीटर लांबीपर्यंत सरासरी 0.81 टक्के तांबे आणि टनामागे 1.17 ग्रॅम सोने आढळले. टक्केवारी डोळे दिपवणारी नाही, परंतु अर्धा किलोमीटर खडकात ती अखंड टिकून राहते ह्याचा अर्थ ह्या क्षेत्रातील कोणीही ताबडतोब ओळखेल. पुढे जमिनीत विद्युतप्रवाह सोडून सल्फाइडचे कण किती भार धरून ठेवतात हे मोजणाऱ्या पद्धतीचा खोलवर वापर करण्यात आला, आणि 2002 मध्ये ह्यूगो डमेट नावाने ओळखला जाणारा साठा हाती लागला. त्याचा माथाच जमिनीखाली शेकडो मीटरवर आहे, वर नव्या खडकांचे जाड आच्छादन आहे आणि पृष्ठभागावर त्याची काहीही खूण नाही. आज ज्या भागासाठी ही खाण ओळखली जाते तो हाच. म्हणून बीएचपीने ‘साठा सोडून दिला’ असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण हा साठा त्यांच्या हाती आलेलाच नव्हता. त्यांनी दोन टक्के स्वामित्वशुल्काचा (रॉयल्टीचा) हक्क मात्र स्वतःकडे राखला होता, आणि तो परत विकत घ्यायला आयव्हॅन्होला 2003 मध्ये 3 कोटी 70 लाख डॉलर मोजावे लागले.

निवृत्त_खाणअभियंता

दुसऱ्या प्रश्नाविषयी. माझे आयुष्य भूमिगत खाणींत गेले असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

खुली खाण आणि भूमिगत ब्लॉक केव्हिंग ह्यांतील मूळ फरक पैशाच्या क्रमाचा आहे. खुल्या खाणीत वरची माती व खडक दूर करून खनिज काढायला सुरुवात करता येते आणि विक्रीतून आलेल्या पैशावर खाण पायरी-पायरीने वाढवता येते. ब्लॉक केव्हिंगमध्ये ही सोय नाही. साठ्याच्या तळाशी, ओयु तोलगोईच्या बाबतीत जमिनीखाली सुमारे 1,300 मीटरवर, आधी बोगद्यांचे एक पूर्ण जाळे खोदावे लागते. त्याच्या वरच्या पातळीवर खडकाचा रुंद पट्टा सुरुंगांनी पोखरून काढला की आधार सुटलेला वरचा खडक स्वतःच्याच भाराने तुटू लागतो. हा तुटलेला माल खालच्या नरसाळ्यांसारख्या तोंडांतून काढून घेत राहायचे आणि जितका माल काढावा तितका खडक वरून कोसळत राहतो. चालू झाल्यावर ही भूमिगत खाणकामाची सर्वांत स्वस्त पद्धत ठरते, पण पहिला टन हाती येण्याआधी उतरण-चढणीचे शाफ्ट (उभी विवरे), हवा खेळती ठेवणारे शाफ्ट, भूगर्भातील दगडफोड यंत्रे आणि वाहक पट्टे हे सारे तयार असावे लागते.

त्याहून महत्त्वाची बाब अशी की एकदा खडक तुटू लागला की माघार नाही. खालच्या बोगद्यांमधले खांब, म्हणजे न खणता ठेवलेले खडकाचे आधार, चुकीच्या जागी आले किंवा कमकुवत निघाले तर ते वरच्या भाराखाली चिरडतात आणि ती पातळी कायमची हातची जाते. खडकाची खरी ताकद मात्र प्रत्यक्ष त्या खोलीवर बोगदे खणल्यावरच कळते, कारण पृष्ठभागावरून घेतलेल्या छिद्रांचे गाभे कितीही असले तरी ते नमुनेच असतात. तेथे नेमके हेच घडले. काम चालू असताना खडकाची स्थिती अपेक्षेपेक्षा बिकट निघाली, तोवर प्रकल्पाची सूत्रे हाती घेतलेल्या रिओ टिंटो कंपनीने 2019 मध्ये विलंब 16 ते 30 महिन्यांचा असेल असे जाहीर केले, पहिल्या टप्प्याची रचना बदलून मजबुतीसाठी खांब सोडण्यात आले आणि 5.3 अब्ज डॉलरचा अंदाज पुढे 7 अब्जांच्या वर गेला. बाहेरून हे गलथानपणाचे वाटते आणि अंदाजपत्रकावर टीका व्हायलाच हवी. तरीही आराखडा थांबवून बदलण्याचा निर्णय मला योग्य वाटतो. खांब पातळ ठेवून पुढे रेटले असते तर काय झाले असते ह्याची कल्पनाही करवत नाही.

आपल्या देशातील जवळचे उदाहरण पाहायचे असेल तर गोंदियाच्या शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातील मलांजखंड पाहावे. हिंदुस्तान कॉपरची ती खुली खाण 1982 पासून चालली आणि खोली वाढत गेल्यावर कंपनीला भूमिगत खाणकामाकडे वळावे लागले.

वर्धाखोरे

दोघांचेही मनापासून आभार. माझ्या माहितीप्रमाणे भूमिगत काम 2013 मध्ये पूर्णपणे थांबवण्यातही आले होते. ते खडकामुळे की वादामुळे?

हिशेबनीस

वादामुळे. आपण वाणिज्य शाखेचे आहात म्हणून हिशेबाच्या भाषेतच सांगतो.

मंगोलियाच्या संसदेने 2006 मध्ये तांबे आणि सोन्यावर 68 टक्क्यांचा अतिरिक्त नफा कर बसवला. तांब्याचा भाव टनामागे 2,600 डॉलरच्या वर गेला की तो लागू होत असे. अशा कराच्या छायेत कोणीही भूमिगत खाणीत पैसा घालणार नव्हते. त्यामुळे वाटाघाटी झाल्या, कर मागे घेण्याचे ठरले आणि ऑक्टोबर 2009 मध्ये गुंतवणूक करार झाला. सरकारला 34 टक्के आणि कंपनीला 66 टक्के हिस्सा मिळाला. त्या वर्षी मंगोलियाचे संपूर्ण सकल राष्ट्रीय उत्पादन पाच अब्ज डॉलरच्या आत होते, हे लक्षात घेतल्यास पुढचे सारे समजते. सरकारकडे आपल्या वाट्याचे भांडवल घालायला पैसाच नव्हता. तेव्हा सरकारच्या हिश्श्याची रक्कम भागीदार कंपनीने घालायची आणि व्याजासह ती पुढील लाभांशातून वळती करून घ्यायची, असे ठरले.

आता निवृत्त_खाणअभियंता ह्यांनी सांगितलेला खर्चाचा क्रम ह्या कलमाशेजारी ठेवून पाहा. बांधकाम लांबले की खर्च वाढतो, खर्च वाढला की सरकारच्या नावावरील कर्ज वाढते, त्यावर व्याज चढते आणि लाभांशाचे वर्ष आणखी पुढे जाते. विलंबाला जबाबदार कोणीही असो, त्याची किंमत मोजण्यात 34 टक्क्यांचा धनी सहभागी होतोच. सरकारला काहीच मिळाले नाही असे मात्र नाही, कारण पाच टक्के स्वामित्वशुल्क आणि इतर कर उत्पादन सुरू झाल्यापासून मिळत राहिले. पण लोकांना ‘आम्ही मालक आहोत’ असे सांगितले गेले होते आणि मालकाला लाभांश हवा असतो. पहिल्या टप्प्याचा वाढलेला खर्च, कर आणि भूमिगत कामासाठी उभारायच्या कर्जाच्या अटी ह्यांवरून बिनसले आणि ऑगस्ट 2013 मध्ये काम थांबले. 2015 मध्ये नवा समझोता झाला, त्यानंतर 4.4 अब्ज डॉलरचे प्रकल्प कर्ज उभे राहिले आणि 2016 मध्ये काम पुन्हा सुरू झाले. पुढे 2019 चा विलंब आला, तंटा पुन्हा पेटला, आणि अखेर जानेवारी 2022 मध्ये कंपनीने सरकारच्या नावावरील 2.4 अब्ज डॉलरची कर्जाची रक्कम पूर्ण माफ केली, तेव्हा वरचा खडक पोखरायला सुरुवात झाली.

माझे मत विचाराल तर 34 टक्के समभाग घेण्याऐवजी सरकारने चढत्या भावाबरोबर चढणारे स्वामित्वशुल्क आणि थोडा कर घेतला असता तर दोन्ही पक्षांची दहा वर्षे वाचली असती. तांब्याच्या भावातील जोखीम एक वेळ सरकार घेऊ शकते. बोगद्याच्या बांधकामाची जोखीम त्याने अंगावर घेण्याचे काही कारण नव्हते.

माळरान

एक बाजू सुटत आहे. गोबीत पाऊस अत्यल्प पडतो आणि तेथील लोक उंट, शेळ्या-मेंढ्या घेऊन फिरते पशुपालन करतात. दिवसाला सुमारे एक लाख टन खडक दळणाऱ्या कारखान्यासाठी गुनी होलोई ह्या खोलवरच्या, मचूळ पाण्याच्या भूजलसाठ्यातून पाणी आणले जाते आणि वापरलेले बहुतांश पाणी पुन्हा वापरले जाते. कंपनीचे म्हणणे असे की हे पाणी माणसे किंवा जनावरे पीत नाहीत. पशुपालकांचे म्हणणे वेगळे होते. उंदाई नदीचा प्रवाह वळवल्यामुळे झरे आणि चराऊ कुरणे ह्यांवर परिणाम झाल्याची तक्रार त्यांनी 2012 व 2013 मध्ये जागतिक बँक समूहाच्या लोकपाल कार्यालयाकडे नेली, कारण ह्या प्रकल्पात त्या समूहाचा पैसा येणार होता. पशुपालक, स्थानिक प्रशासन आणि कंपनी ह्यांच्यात करार व्हायला 2017 साल उजाडले. परवानगीच्या टप्प्यावर पाण्याची मोजणी पशुपालकांना सोबत घेऊन केली असती तर ही पाच वर्षे वाचली असती, असे मला वाटते.

भूस्तर

मूळ प्रश्नकर्त्यांसाठी आणखी एक. थानेवासनाची तुलना ओयु तोलगोईच्या आकाराशी करू नये. तो प्रकारच वेगळा आहे. परंतु बातमी वाचताना दोन गोष्टी जरूर पाहाव्यात. आपल्याकडे शोधकार्याचे जी-4 ते जी-1 असे चार स्तर मानले जातात. जी-4 म्हणजे केवळ टेहळणी आणि जी-1 म्हणजे खाणीचा आराखडा करता येईल इतके दाट छिद्रण. बातमीत लाखो टनांचा आकडा असेल तर तो कोणत्या स्तरावरचा आहे हे आधी शोधावे. दुसरे म्हणजे तो आकडा खडकाचा आहे की त्यातील तांब्याचा, हे पाहावे, कारण वर्तमानपत्रांत दोन्हींना सर्रास ‘तांब्याचा साठा’ म्हटले जाते आणि त्यात शंभर पट किंवा त्याहूनही अधिक फरक पडू शकतो. 2023 मध्ये खनिज कायद्यात झालेल्या दुरुस्तीने तांब्यासह 29 खनिजांसाठी शोध परवाना नावाचा नवा प्रकार आणला आहे. असा परवाना मिळाला म्हणजे खाणपट्टा मिळाला असे नव्हे, हे गावातील चर्चेत आवर्जून सांगावे.