खुबे वेचायला कोकणात : वेळ कोणती, नागपूरला आणायचे कसे?

पावसाळा संपला की नागपूरहून रत्नागिरीकडे जाणार आहोत. वाळूतले खुबे (खायचे शिंपले) स्वतः वेचायचे आहेत. ओहोटी कधी धरायची? घरी येईपर्यंत टिकतील का?

➤ भाऊ, तिथीची पाऊणपट करा, साधारण भरतीची वेळ निघते. पौर्णिमा-अमावस्या म्हणजे पंधरावी तिथी, तेव्हा सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी पहाटे-संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास. याच दिवसांत पाणी सर्वांत लांब हटतं. ओहोटीनं तळ गाठायच्या तासभर आधी उतरा, पाणी वळलं की निघा. लाटांकडे पाठ नको. ओल्या वाळूत बारीक भोकं दिसतील तिथं बोटांनी किंवा खुरप्यानं दोन-तीन इंच उकरा. लहान खुबे तिथंच परत पुरा. आणि सांडपाण्याच्या नाल्याजवळचे मुळीच नकोत, उकळूनही सगळं विष जात नाही.

➤ टिकवण्याचं सांगतो. गोड्या पाण्यात ठेवले की मरतात, बहुतेक जण इथंच चुकतात. ओल्या गोणपाटात गुंडाळून थंड डब्यात ठेवा. बर्फ वेगळ्या पिशवीत, वितळलेलं पाणी लागू नये. तरी नागपूरचा पल्ला लांबचा, तिथंच खाल्लेले बरे.

➤ वाळू काढायला लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ, दोन-तीन तास अंधारात. भांड्यात चाळणी ठेवून त्यावर एकाच थरात पसरा, नाहीतर टाकलेली वाळू पुन्हा ओढतात. नळाचं क्लोरीनचं पाणी असेल तर आधी रात्रभर उघडं ठेवा. टिचकी मारूनही न मिटणारा फेका, शिजून न उघडणाराही.