वजनाच्या बायपासनंतर पित्तनलिकेत खडा, नेहमीची ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून नलिकेतला खडा काढणं) का जमत नाही?

मुग्धा_एन:
वहिनीचं साडेतीन वर्षांपूर्वी वजनाचं ऑपरेशन झालंय, रू-एन-वाय बायपास, ११८ वरून ७४ किलोवर आली. आता आठ दिवस झाले, जेवली की उजव्या बरगडीखाली कळ येते, लघवी पिवळीजर्द, रात्रभर तळहात खाजवत बसते. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले आणि एमआरसीपीत (पित्तनलिकेचा एमआरआय) नलिकेत ८ मिमीचा एक. इथले डॉक्टर म्हणतात साधी ईआरसीपी होणार नाही, मोठ्या ठिकाणी न्या. शेजारच्या काकांचा खडा तर तोंडातून दुर्बीण घालून एका दिवसात काढला होता, मग हिलाच का नाही?

गॅस्ट्रोवाला:
मुग्धाताई, काकांच्या पोटातला रस्ता सरळ होता. नलिकेचं तोंड ड्युओडेनममध्ये, म्हणजे लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात उघडतं आणि बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात, म्हणजे उरलेलं जठर आणि ड्युओडेनम दोन्ही बाजूला पडतात, दुर्बिणीला आतड्याच्या जोडापर्यंत खाली जाऊन तिथून उलटं वर चढावं लागतं, साधी दुर्बीण तेवढी पुरतच नाही. बलूनवाली लांब दुर्बीण असते पण तीही दरवेळी पोचत नाही. वहिनींचं पित्ताशय अजून आत आहे, त्यामुळे मला लॅप्रोस्कोपीच पटते. पित्ताशय काढायचं आणि त्याच भुलीत बाजूच्या जठराला छोटं छिद्र पाडून तिथून ईआरसीपी करायची. सर्जन आणि गॅस्ट्रो दोघंही एकाच वेळी ऑपरेशन थिएटरमध्ये लागतात, म्हणून मोठं हॉस्पिटल.

सुमेधा७२:
आमच्या ह्यांचंही बायपासच झालेलं, पण पित्ताशय आधीच काढलेलं होतं, म्हणून एंडोस्कोपिक सोनोग्राफीने (दुर्बिणीतून आतून केलेली सोनोग्राफी) पिशवी आणि जुनं जठर यांच्यामध्ये धातूचा स्टेंट बसवून वाट केली, काही आठवड्यांनी तिच्यातून खडा काढला, मग स्टेंटही काढला. वाट नीट बुजली नाही तर वजन परत वाढू शकतं हे आधीच विचारून घ्या. आणि जुन्या ऑपरेशनची डिस्चार्ज फाइल न्याच गं! आम्ही नुसतं ‘वजनाचं ऑपरेशन’ सांगितलं, पहिल्या हॉस्पिटलने स्लीव्ह समजून दुर्बीण घातली (स्लीव्ह म्हणजे नुसतं जठर अरुंद करतात, त्यात रस्ता तसाच राहतो ना), अर्ध्या तासाने बाहेर येऊन म्हणाले पोचता येत नाहीये. तो दिवस फुकट गेला आणि कावीळ वाढत होती.

मुग्धा_एन:
फाइल सापडली, मनापासून आभार. सोमवारची अपॉइंटमेंट मिळालीये. काल संध्याकाळपासून तिला थोडी कणकण आहे, तोवर थांबलं तर चालेल?

गॅस्ट्रोवाला:
नाही. कावीळ आणि त्यात ताप म्हणजे नलिकेत इन्फेक्शन असू शकतं, ते रक्तात पसरायला वेळ लागत नाही. हुडहुडी भरायची वाट बघू नका, आत्ता इमर्जन्सीत न्या, सलाइन आणि अँटिबायोटिक आज सुरू व्हायला हवं. लगेच एंडोस्कोपी जमली नाही तरी यकृतातून बाहेरून नळी घालून पित्त काढता येतं.

मुग्धा_एन:
निघतोय. दादा गाडी काढतोय.