शेला नावाच्या गावात स्पॅनिश शिकताना : अनुभव धागा

ग्वाटेमालातल्या केत्साल्तेनांगोला तिथलं कुणी केत्साल्तेनांगो म्हणत नाही. बसचा पोऱ्या दारात लटकून 'शेला, शेला, शेलाऽऽ' ओरडतो आणि आपला हात आपोआप खांद्याकडे जातो, ओढणी पडली की काय म्हणून. शेलाहू या जुन्या मायन नावाचं ते लाडकं रूप. परवा गप्पांत विषय निघाला, तर आपल्यातलेच चार-पाच जण तिकडे जाऊन आलेले निघाले. म्हणून हा धागा. शेला, आंतिग्वा, आतितलान तलावाचा काठ, कुठेही शिकला असाल, पाठीवर बोचकं टाकून भटकला असाल, तर लिहा. टिपा नकोत, त्या ढिगाने मिळतात. काय घडलं ते सांगा.

सुरुवात माझ्यापासून. 2018 साली पाच आठवडे होते. नकाशात पाहिलं तर गाव गोव्याच्याही किंचित दक्षिणेला, म्हणून सगळे सुती कपडे भरले. पण हे गाव 2,330 मीटरवर, कळसूबाईच्या टोकापेक्षा जवळजवळ सातशे मीटर उंच! पहिल्या रात्री चार पांघरुणं घेऊनही कुडकुडले. सकाळी घरमालकीणबाई मला हाताला धरून 'पाका'त घेऊन गेल्या. अमेरिकेतून गठ्ठ्यांनी येणारे जुने कपडे विकणारं दुकान. तिथे घेतलेला स्वेटर अजून वापरते.

शिकवणी एकास एक. अंगणात छोटं टेबल, समोर बाई, रोज पाच तास. पळायला जागा नाही. पहिला आठवडा मी मनात इंग्रजी वाक्य करून त्याचं स्पॅनिश करत होते आणि अडखळत होते. मग 'मे गुस्ता एल काफे' आलं. शेजारच्या टेबलावरचा अमेरिकन मुलगा हैराण, कॉफी कर्ता कशी? मला मात्र लख्ख दिसलं, अरे, हे तर 'मला कॉफी आवडते'! 'मे दुएले ला काबेसा', माझं डोकं दुखतं. आणि घरात काचेचा ग्लास फुटला तेव्हा बाईंनी शिकवलं तसं म्हणाले, 'से मे कायो.' माझ्या हातून पडला. 'मी पाडला' असं इंग्रजीसारखं छातीठोक कबूल करायची गरजच नाही. त्या दिवसापासून मधला इंग्रजीचा दलाल काढून टाकला.

'सेर' आणि 'एस्तार'पुढे मात्र मराठीनेही हात टेकले. आपल्याकडे दोन्हीला 'आहे'च.

*

मी बँकेतून निवृत्त, डोंबिवलीकर. मुलगी ह्यूस्टनला असते, तिच्याकडून पुढे गेलो. वय 61, वर्गात सगळे पंचविशीतले.

मी शाकाहारी. 'नो कोमो कार्ने', मी मांस खात नाही, एवढं घोकून गेलो होतो. पहिल्याच दुपारी ताटात कोंबडीची तंगडी. मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. बाई गोंधळल्या, 'पण ही कार्ने नाही, पोयो आहे!' तिकडे कार्ने म्हणजे मुख्यतः गाई-डुकराचं. कोंबडी वेगळी, आणि भात कोंबडीच्या पाण्यात शिजवला तर तो भातच. पुढे मी प्रत्येक प्राण्याचं नाव घेऊन यादी म्हणायला लागलो, श्लोकासारखी. घरची नातवंडं माझ्याबरोबर म्हणायची.

पण जेवलो उत्तम. काळ्या घेवड्याचं घोटलेलं पिठलंच म्हणा, फ्रिहोलेस, आणि तोर्तिया. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, धुऊन, वाटून दोन्ही तळव्यांवर थापतात. तो टपटप आवाज ऐकला आणि आईची भाकरी आठवली. (पोळपाट नाही, हवेतच थापतात. मी केलेली तोर्तिया कुत्र्यानेही हुंगून सोडली.) बटाट्याच्या पिठाचे पानात उकडलेले 'पाचेस' दर गुरुवारी ठरलेले. त्यातही मांस असतं, पण माझ्यासाठी बाईंनी चार वेगळे बांधले, दोरीला गाठ मारून खूण केली.

ताटावरून उठताना 'ग्रासियास', म्हणजे धन्यवाद, म्हणायचं, बाकीच्यांनी 'बुएन प्रोवेचो', जेवण अंगी लागो. हॉटेलात अनोळखी माणूसही टेबलाजवळून जाताना म्हणतो. मी इथे डोंबिवलीत एकदा चुकून म्हणालो.

*

वर व्याकरण खूप झालं, मी डोंगरावरचा! सांता मारिया, 3,772 मीटर. रात्री एकला निघालो, सूर्योदयाला वर. हा ज्वालामुखी 1902 मध्ये भयंकर फुटला होता, विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एक. त्याच्या फुटलेल्या कुशीत 1922 पासून सांतियागितो नावाचं पोर धुमसतंय. वरून खाली बघायचं आणि वाट पाहायची. आमच्या पायांखाली, हो, खाली, राखेचा फुलकोबी उठला. आवाज काही सेकंदांनी आला.

मी फोटोसाठी पुढे सरसावलो आणि मागे लक्ष गेलं. एक मायन कुटुंब, आजीबाई पायात साध्या प्लास्टिकच्या चपला, मेणबत्त्या, फुलं आणि कोपालचा, म्हणजे तिकडच्या धुपाचा, धूर करून प्रार्थना करत होतं. माझे बूट चौदा हजारांचे. गुपचूप कॅमेरा आत ठेवला.

परत येताना कामियोनेतात, म्हणजे अमेरिकेतल्या जुन्या शाळेच्या बसला रंगरंगोटी करून केलेल्या गाडीत, दोन जणांच्या बाकावर तिघं. कुणीतरी माझ्या सॅकचा खालचा कप्पा ब्लेडने कापला. गेलं काय, तर न धुतलेले मोजे. चोराची दया आली.

*

छोटीशी भर. आंतिग्वात दगडी रस्त्यावर, 1773 च्या भूकंपात पडलेल्या चर्चशेजारी, लाल रिक्षा उभी. तिकडे 'तुकतुक'. मागे बजाज! मी आकुर्डीचा. ड्रायव्हरला मोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितलं की ही गाडी माझ्या घराजवळच्या कंपनीची. त्याने शांतपणे विचारलं, मग क्लचची केबल स्वस्तात मिळेल का?

*

सगळं गोड गोड चाललंय म्हणून थोडं वेगळं लिहिते. 2011, शेला, सात आठवडे.

पहिल्या दिवशी कुठली म्हणून विचारल्यावर मी ऐटीत म्हणाले, 'सोय इंदिया'. माझ्या मास्तरांचा चेहरा बदलला. त्यांनी हळू आवाजात सांगितलं, इथे 'इंदियो' ही मायन लोकांना घालायची शिवी आहे. 'सोय दे ला इंदिया', भारतातून आलेय, असं म्हण. ते स्वतः किचे या मायन समाजातल्या घरातले. शाळेत असताना किचे भाषा बोलल्याबद्दल मार खाल्लेले.

रोज पाच तास दोघंच बसल्यावर फळं-भाज्यांची नावं किती दिवस पुरणार? तिसऱ्या आठवड्यात भूतकाळ शिकताना त्यांनी भावाची गोष्ट सांगितली. 1982 साली घरातून नेला, परत आला नाही. तिथलं यादवी युद्ध 1960 ते 1996 चाललं. संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्याने नेमलेल्या सत्यशोधन आयोगाने दोन लाखांहून अधिक मृत आणि बेपत्ता सांगितले, ओळख पटलेल्या बळींत 83 टक्के मायन. हे आकडे मी आधी वाचले होते. पण 'तो येत असे' आणि 'तो आला', अपूर्ण आणि पूर्ण भूतकाळ, यांतला फरक मला भावाच्या गोष्टीतून कळला, आणि तो तसा कळला याची आजही लाज वाटते. मी वहीत क्रियापदं अधोरेखित करत होते.

आणखी एक. आम्ही भरलेल्या फीपैकी मास्तरांच्या हातात किती पडतं ते मी शेवटी विचारलं. अर्ध्याहून कमी. जाणाऱ्यांनी नाव नोंदवायच्या आधी हे विचारा.

*

(धागा काढणारी पुन्हा.) वरच्या प्रतिसादाला काय उत्तर द्यावं कळत नाहीये, म्हणून देत नाही. माझ्या बाईंनी कधी विषय काढला नाही, मीही विचारलं नाही.

डोंबिवलीकर काका, 'तू यावंस' हे तुमच्याही मदतीला आलं असेल ना? 'किएरो के बेंगास', तू यावंस असं मला वाटतं. जिथे आपल्याला 'यावं, करावं, जावं' सुचतं, तिथे बहुतेकदा स्पॅनिशमध्येही क्रियापद वाकतं. बाईंना वाटायचं मी घरी रात्रभर अभ्यास करते.

फोटो टाका असं तिघांनी कळवलंय. ग्वाटेमालात नकार देण्याआधी 'फिहेसे के' म्हणतात. आपलं 'त्याचं काय झालं माहितीये का'. दुकानात, बसथांब्यावर, बँकेत हे दोन शब्द कानावर पडले की समजायचं, काम झालेलं नाही. तर, फिहेसे के, ती हार्ड डिस्क भावाकडे आहे, आणि भाऊ नागपूरला.