शब्द हवा : लसिकावाहिनी

कऱ्हाडची बाई
शाळेच्या भित्तिपत्रकासाठी त्वचेतल्या लसिकावाहिन्यांवर, म्हणजे पेशींभोवती साचणारं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांवर, लिहितेय. पोरांना 'लस' म्हटलं की सुईच आठवते. 'लसवाहिनी' चालेल का?

मिरजकर
चालेल की. दोन्ही लस एकाच घरातल्या. जखमेतून पाझरतं ते पिवळट पाणी म्हणजे लस. देवीसाठी टोचायचे तेही मुळात गायीच्या देवीच्या फोडातलं पाणीच. 'लसीका' चरकसंहितेत आहे: शरीरातलं पाणी त्वचेखाली जखमेत दिसलं की लसीका, रोमकूपांतून बाहेर पडलं की स्वेद. पण तो द्रव झाला, नळी नव्हे. नळ्यांवर रुडबेक आणि बार्थोलिन या दोन शरीररचनाशास्त्रज्ञांनी युरोपात १६५३ साली छापलं. हे स्पष्ट लिहा, नाहीतर 'आपल्याकडे सगळं आधीच होतं' सुरू होतं.

वाळव्याचा ऊसवाला
आमच्यात एक शब्द हाय, अवधाण. तोडणीत पायाला कोयता लागला, जखम चिघळली की जांघेत गाठ येते. म्हातारी म्हणायची, अवधाण आलं. त्याचा ह्याच्याशी काय संबंध?

मिरजकर
थेट संबंध, दादा. पायाच्या कातडीतली लस जांघेतल्या गाठींकडे जाते, हाताची काखेतल्या. जंतू त्याच वाटेनं गाठीत पोचले की ती सुजते, ठणकते. कधी जखमेपासून वर चढलेली लाल रेघ दिसते, ती सुजलेली लसवाहिनीच. रेघ दिसली आणि ताप असला तर हळद लावून बसू नका, दवाखाना गाठा.

कऱ्हाडची बाई
म्हणजे ती रक्तवाहिनीचीच फांदी का? सुरू कुठून होते?

मिरजकर
फांदी नाही. 'वाहिनी' म्हटलं की दोन्ही टोकं उघडी नळी डोळ्यांपुढे येते, पण हिचं सुरुवातीचं टोक बंद असतं. कातडीच्या अगदी वरच्या थरात ती नसतेच, त्याखालच्या थरात सुरू होते. भिंत पेशींच्या एकाच थराची. शेजारच्या पेशींच्या कडा एकमेकींवर चढलेल्या, जागोजागी टाचलेल्या, मधे सुट्या. बाहेरून बारीक तंतू या पेशींना आजूबाजूच्या लवचीक धाग्यांशी बांधून ठेवतात.

आता गंमत बघा. कातडीत पाणी साचलं की इतकी नाजूक नळी चेपून जाईल असं वाटतं. होतं उलटंच. जागा फुगते, तंतू ताणले जातात आणि त्या सुट्या कडा उघडतात. पाणी, प्रथिनं, भटक्या पांढऱ्या पेशी आत शिरतात. आतला दाब वाढला की कडा मिटतात, आलेलं परत जात नाही. एवढी साधी दारं, पण त्यांना ना मज्जातंतूंचा हुकूम लागतो ना स्नायूचा जोर.

खाली, जाड वाहिन्यांत, खऱ्या झडपा असतात आणि भिंतीत स्नायूही. दोन झडपांमधला तुकडा स्वतःच आवळतो आणि लस पुढच्या तुकड्यात ढकलतो. चालणं, श्वास यांचाही हातभार लागतो. शेवटी सगळी लस मानेच्या तळाशी मोठ्या शिरांत, म्हणजे रक्तात परत.

वाळव्याचा ऊसवाला
त्या झडपांमधल्या तुकड्याला काय म्हणतात?

मिरजकर
आम्ही लिम्फँजिऑनच म्हणतो.

वाळव्याचा ऊसवाला
पेर म्हणा की! उसाला हाय, बोटाला हाय, मग हिला का नको?

कऱ्हाडची बाई
घेतला. चित्रात ती मण्यांच्या माळेसारखी दिसते, तिथे बाण काढून 'लसवाहिनीचं पेर' लिहिते. अवधाणही चौकटीत टाकते. हत्तीपायाचं लिहू का?

मिरजकर
लिहा. जंत क्युलेक्स डासाच्या चाव्यातून येतात, मोठे होऊन लसवाहिन्यांतच राहतात. वाहिन्या फुगून झडपा नीट मिटत नाहीत, लस तुंबते, पाय वर्षानुवर्षं सुजत जातो. फक्त 'हत्तीरोग' लिहा, आरोग्य खात्याच्या फलकांवर पोरांना तोच शब्द दिसेल.